काळ्या पट्ट्याच्या पश्चिमेला

२६ जुलै २००९, रविवार. कॅम्प

हेलिकॉप्टर सामान टाकून गेलं. कानांत अजून घरघर आहे. आता सोळा दिवस आम्ही तिघंच — मी, लेस्ली आणि दीनानाथकाका.

लेस्ली इथल्या डोंगरांतली गाइड. हिमनदीवर काम करायचं तर गाइड पाहिजेच, असा कंपनीचा नियम आहे. काका मात्र हौसेने आलेत. वय त्रेसष्ट, रिटायर्ड इंजिनियर, व्हँकुव्हरजवळ सरेत आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतात. मंडळाच्या गणपतीत त्यांचा स्लाइड शो ठरलेला असतो. १९७६ साली माउंट कॅरडॉकच्या दक्षिण सुळक्यावर पहिल्यांदा चढलेले दोन मराठी तरुण — एक दीनानाथ, दुसरा राजन. राजन परत आला नाही. मी याच डोंगराखाली कामाला येते हे कळल्यापासून काका दोन वर्षं मागे लागले होते. "धम्मप्रिया, मी सामान उचलीन, चहा करीन. पण मला एकदा ने."

तंबूच्या दारातून कॅरडॉक अख्खा दिसतो. एक शिखर असं नाहीच ते, सुळक्यांचा झुबकाच आहे. चारी बाजूंनी हिमनद्या आणि मधे हा काळा खडक. कुठूनही जा, आधी बर्फ ओलांडावा लागतो. आज सूर्य दुपारीच तांबडा झाला होता. आतल्या भागात वणवे लागलेत, त्यांचा धूर इथवर आलाय.

गणेशशी सॅटेलाइट फोनवर बोलले. मागून सलोनी ओरडली, "ममा, इज इट स्केअरी?" मी नाही म्हणाले. हे लिहिताना वाटतंय, तिला खोटं सांगितलं.

२७ जुलै

बारापैकी सात खांब मोजून झाले. गेल्या सप्टेंबरात बर्फात खोल भोकं पाडून मीच रोवले होते. प्रत्येक खांब किती खाली सरकला आणि किती उघडा पडला, एवढंच माझं काम. त्यावरून खालच्या धरणाला किती पाणी मिळेल ते काढायचं. आजवर उन्हाळाभरात तीन मीटर खांब उघडा पडायचा. यंदा जुलैतच चार. दुपारी कॅम्पवर एकोणतीस डिग्री होतं. बर्फावरून पाण्याचे ओहोळ नुसते पळतायत.

काकांना जमीन — म्हणजे बर्फ — समजावून सांगितला. कॅरडॉकच्या दोन अंगांनी दोन शाखा उतरतात, पूर्वेची आणि पश्चिमेची. सुळक्याच्या पायथ्याशी भेटतात, पण मिसळत नाहीत. दोघींच्या मधे दगडांचा एक काळा पट्टा तयार होतो, तो थेट शेवटापर्यंत तसाच जातो. सलोनीच्या शाळेत मी सांगितलं होतं, हायवेवरच्या दोन लेन समजा. पूर्वेचा बर्फ जन्मभर पूर्वेच्या लेनमध्ये, पश्चिमेचा पश्चिमेच्या. लेन कुणी बदलत नाही.

"कधीच नाही?" काकांनी विचारलं.

"कधीच नाही."

ते बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत होते. मग म्हणाले, "चहा टाकतो."

२८ जुलै

आज काकांनी पिठलं केलं. लेस्लीने तीनदा घेतलं.

जेवताना कॅरडॉकचा इतिहास निघाला. काकांना तारखांसकट पाठ आहे. १९३१ साली समुद्रावरून सर्व्हे करणाऱ्यांनी हा डोंगर पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिला. १९३४ साली सहा माणसं खाडीतून जंगल तोडत निघाली, एकोणचाळीस दिवसांनी बर्फापाशी पोचली आणि शिधा संपला म्हणून तिथूनच वळली. १९३८ साली चौघं गेले, दोघं आले. मुख्य शिखरावर माणूस पोचायला १९५३ उजाडलं. दक्षिण सुळका तरीही राहिलाच होता. तेवीस वर्षं लोक येऊन बघून जायचे.

"मग दोन पुणेकर आले," लेस्ली इंग्रजीत म्हणाली. काका हसले. पण थोडंच.

ते आणि राजन पुण्यात एकाच क्लबात. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर राजन अनवाणी चढायचा. तो आधी कॅनडात आला, वर्षभराने काका. टोरोंटोत दोघं एकाच अपार्टमेंटमध्ये राहिले, राजन लग्न करून उमाताईंना आणेपर्यंत. पुढे दोघंही नोकरी बदलून व्हँकुव्हरला आले — डोंगरांसाठी. पूर्वेच्या शाखेवरून खिंडीत, तिथून सुळक्यावर, दहा ऑगस्ट, दुपारी अडीच. उतरताना खिंडीच्या खाली राजनच्या पायाखालचा बर्फ फुटला.

"एका क्षणात गेला. हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्याला."

हे वाक्य मी स्लाइड शोमध्ये चार वेळा ऐकलंय. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

२९ जुलै

सकाळपासून सुळक्यावरून दगड सुटतायत. लेस्ली म्हणाली, वरचा बर्फ खडकाला धरून ठेवतो. तो वितळला की डोंगर सैल होतो.

३० जुलै

आज काकांनी मनातलं काढलं. मी आकडे भरत होते. नकाशा घेऊन आले आणि खिंडीखाली बोट ठेवलं. "इथे एखादी वस्तू तेहेतीस वर्षांपूर्वी पडली असेल, तर आज ती कुठे असेल? तुला काढता येईल ना?"

वस्तू म्हणाले.

मी म्हटलं, येईल. वर बर्फ वर्षाला शंभर मीटर सरकतो, खाली येईल तसा हळू. अंदाजे अडीच किलोमीटर. म्हणजे आपल्या कॅम्पच्या जरा वरच, काळ्या पट्ट्याच्या पूर्वेला. "आणि काका, यंदा एवढं वितळतंय, की —"

"म्हणजे यंदा वर येईल."

"येऊ शकेल. पाच वर्षांनीही येईल. किंवा येऊन वाहूनही गेलं असेल."

त्यांनी मान हलवली. "उमाला काहीतरी द्यावं असं वाटतं गं. ती अजून एकटीच राहते, टोरोंटोजवळ एटोबिकोला. पुन्हा लग्न केलं नाही. अस्थी म्हणून काहीतरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला मंडळात सगळे बडबड्या समजतात, मीसुद्धा समजायचे. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं आणि ऐकून "अच्छा" म्हणाले होते, तो "अच्छा" मी मनात जपून ठेवला होता. आज वाटलं, सोडून द्यावा.

३१ जुलै

एक गोष्ट कळली नाही.

संध्याकाळी जेवणाआधी काका लेस्लीबरोबर बर्फावर फिरायला गेले. काल मी त्यांना जागा दाखवली पट्ट्याच्या पूर्वेला. आज ते शोधत होते पश्चिमेला. मी दुर्बिणीतून बघत होते. लेस्ली मागे उभी, आणि काका खाली बघत, काठीने टोचत, ओळीने पुढे-मागे. शेत नांगरावं तसं.

आल्यावर म्हटलं, "काका, तिकडे नाही. पट्ट्याच्या अलीकडे बघा."

"तिकडचा बर्फ चालायला बरा आहे," म्हणाले.

तिकडचा बर्फ अजिबात बरा नाही. तिकडेच भेगा जास्त आहेत.

१ ऑगस्ट

धूर दाट. पलीकडची डोंगररांग दिसेनाशी झालीय. घशाला कडवट लागतं.

काका भांडी घासत होते तेव्हा लेस्लीने मला बाजूला घेतलं. ती दक्षिण सुळक्यावर दोनदा जाऊन आलीय. माथ्याच्या आधी एक खोल खाच आहे म्हणे, दोरावर लोंबकळत उतरावं लागतं आणि पलीकडून पुन्हा चढावं लागतं. तिथे गेलेला माणूस आयुष्यभर ती विसरत नाही. तिने काकांना सहज विचारलं, ती खाच तुम्ही तेव्हा कशी पार केली. काका म्हणाले, "ओह, इट वॉज ईझी."

"तेहेतीस वर्षं झालीत," मी म्हटलं.

"येस," लेस्ली म्हणाली. आणि दोर गुंडाळायला लागली. मला तिने काहीतरी बोलायला हवं होतं.

२ ऑगस्ट

सापडला.

सकाळी साडेदहाला लेस्लीची शिट्टी ऐकू आली. तीनदा. मी आठव्या खांबापाशी होते. धावत गेले नाही, बर्फावर धावत नाहीत, पण जीव धावत होता. पोचले तर काका गुडघ्यांवर बसलेले. समोर बर्फातून वर आलेलं निळं कापड. मग दिसलं की ते कापड म्हणजे बाही आहे.

त्याचं वर्णन लिहीत नाही. मला नंतर वाचायचं नाही. फक्त एवढंच — केस काळे होते. काकांचे आता पांढरे आहेत.

शेजारी फाटलेली सॅक आणि स्टीलचा एक चपटा डबा. झाकणावर नाव कोरलेलं, आपल्याकडे कोरतात तसं — "चि. सौ. कां. उमास, मामाकडून, १९७४". लेस्लीने विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं. ती टोपी काढून उभी राहिली.

काका त्या बाहीवरून हात फिरवत होते. "राजा," म्हणत होते, "राजा, राजा." मी त्यांना उठवायला गेले तर माझा हात घट्ट धरला. एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

जीपीएसवर जागा घेतली. फोन लावला. धुरामुळे हेलिकॉप्टर उद्या येणं कठीण, कदाचित परवा. लेस्लीने ताडपत्रीने झाकून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

मी मनातल्या मनात त्रिसरण म्हटलं. दुसरं काय करावं सुचलं नाही. राजनना चाललं असतं का, माहीत नाही.

आता तंबूत बसून आकडे भरतेय आणि हात थांबलाय. ती जागा काळ्या पट्ट्याच्या पश्चिमेला आहे. तीनशे मीटर पश्चिमेला.

३ ऑगस्ट

हेलिकॉप्टर नाही. धूर.

सकाळभर मी टाळलं. मग काका चुलीजवळच्या दगडावर एकटे बसले होते तिथे मीही जाऊन बसले. कसं विचारायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "काका, पूर्वेच्या खिंडीत पडलेला माणूस पश्चिमेला निघत नाही."

ते माझ्याकडे बघत नव्हते. "ठाऊक आहे. तू दुसऱ्याच दिवशी सांगितलंस ना. लेन."

"मग?"

वरून दगड आले, थांबले.

"आम्ही पूर्वेला गेलोच नव्हतो," म्हणाले. मग थांबले नाहीत.

ठरलं होतं पूर्वेकडून. परमिटवर तेच लिहिलं होतं, घरी तेच सांगितलं होतं. इथे आल्यावर राजनला पश्चिमेची भिंत दिसली आणि त्याचं डोकं फिरलं. तिकडून कुणी प्रयत्नही केला नव्हता. दोन दिवसांत दोघं भिंतीच्या पायथ्याशी गेले. नऊ ऑगस्टला सकाळी निघताना वरून डोक्याएवढा दगड काकांच्या खांद्याला घासून गेला.

"मी घाबरलो, धम्मप्रिया. साधं आहे. मी म्हटलं, मी येत नाही. तो म्हणाला, घाबरट आहेस, आयुष्यभर घाबरटच राहशील. मी म्हटलं, जा मग एकटा, मर. हेच शब्द. तो म्हणाला, दोर इकडे दे. मी कमरेचा सोडून दिला."

"आणि?"

"गेला. दुपारी ढग आले. मी दोन रात्री तिथेच काढल्या. हाका मारल्या. अकरा तारखेला सकाळी निघालो. दोन दिवसांनी खाली लाकूड तोडणाऱ्यांच्या कॅम्पवर पोचलो. ते विचारायला लागले, काय झालं, कुठे झालं. माझ्या तोंडून आपोआप आलं — खिंडीत, उतरताना. मग त्यांनी विचारलं, उतरताना म्हणजे वर पोचला होतात का. मी हो म्हटलं."

"का?"

"मी त्याला एकट्याला सोडला, हे उमाला कसं सांगू? तेव्हा पंचवीस वर्षांची होती ती. निदान तिचा नवरा वर पोचला, दोघांच्या दोरावर होता, एका क्षणात गेला — एवढं तरी." डोळे पुसले. "माझं नावही त्यात आलं, ते खरं. मी काही ते मागितलं नव्हतं. पण आलं, आणि मी घेतलं."

मला दुसराच प्रश्न पडला होता. विचारू नये असं वाटत होतं आणि विचारलाच.

"शोध कुठे घेतला, काका?"

"हेलिकॉप्टर आलं होतं. तीन दिवस."

"कुठल्या बाजूला?"

ते वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.

"काका, पश्चिमेला कुणी बघितलं का?"

"तो केव्हाच गेला होता," ते म्हणाले. "मी दोन दिवस हाका मारल्या. जिवंत असता तर ओ दिली असती."

नंतर त्यांनी चहा केला. तीन कप. मी घेतला नाही. तो तसाच गार झाला, मग लेस्लीने ओतून दिला.

४ ऑगस्ट

दुपारी धूर थोडा वर गेला आणि हेलिकॉप्टर आलं. एक पोलीस ऑफिसर, एक बचाव पथकातला माणूस. दोन तास लागले बर्फ फोडायला. ऑफिसर तरुण होती, मृदू बोलत होती. तिने काकांना खुर्चीवर बसवून विचारलं, काय झालं होतं. काकांनी सांगितलं. खिंड. उतरताना. एका क्षणात.

मी तिथेच उभी होते.

मग तिने मला फॉर्म दिला. सापडल्याची जागा, वेळ, सही. ती सामानाकडे वळली तेव्हा काका जवळ आले. मराठीत, हळू. "पूर्व लिही."

मी ऐकलं नाही असं केलं.

"तीनशे मीटरच तर आहे गं. यांना काय कळतंय. पोचवू दे त्याला घरी. अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे ती, तिच्याकडे तेवढंच आहे, कशाला काढून घेतेस?"

पेन हातात. मला आईचा आवाज ऐकू येत होता, का कुणास ठाऊक. नागपूरहून निघताना म्हणाली होती, काहून जातेस गं एवढ्या लांब, तिथं तुला कोण ओळखते? इथे खरंच कुणी ओळखत नाही. कुणाला कळणारही नव्हतं.

जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश जसे होते तसे लिहिले. दोन्ही. सही केली.

ऑफिसरने बघितलं, थँक्यू म्हणाली, घडी घातली. तिच्या दृष्टीने तो आकडाच. त्यातलं पूर्व-पश्चिम या जगात तिघांनाच कळणार — मला, लेस्लीला आणि काकांना.

काका त्याच हेलिकॉप्टरने गेले. चढताना म्हणाले, "मी सांगीन उमाला. माझं मला सांगू दे. वचन दे."

मी दिलं. का दिलं?

५ ऑगस्ट

लेस्लीने काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. उरलेले खांब मोजले.

१६ ऑगस्ट. सरे

घरी येऊन पाच दिवस झाले. अंगाचा धुराचा वास जात नाही. सलोनी म्हणते, "यू स्मेल लाइक कॅम्पफायर."

आज उमाताईंचा फोन आला. नंबर काकांनी दिला म्हणाल्या. आवाज बारीक, स्वच्छ, पुणेरी. "तुम्ही पाहिलंत ना यांना?"

"हो."

"चेहरा होता?"

मी हो म्हटलं. खरंच होता.

"मी आता म्हातारी झाले," त्या म्हणाल्या. "आणि हे एकोणतीसचेच." हसल्यासारखा आवाज आला, मग नाही. शाळेत लायब्ररियन होत्या, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या. मग विचारलं, "भावोजी म्हणतात, एका क्षणात. तुम्ही यातल्या जाणकार. तुम्हाला बघून तसं वाटलं का?"

स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर भाजी. मी म्हटलं, "मला त्यातलं नाही सांगता येत, उमाताई. मी फक्त बर्फ मोजते."

फोन ठेवला आणि भाजी करपेपर्यंत तशीच उभी राहिले. गणेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू सांग. अर्ध्या तासाने म्हणाला, नको सांगूस. मग म्हणाला, त्या म्हाताऱ्याला सांगायला लाव.

२९ ऑगस्ट

मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम. आम्ही आरतीला जात नाही, मुलांच्या कार्यक्रमाला जातो. सलोनीचा नाच होता.

नाचानंतर काकांचा सत्कार. माहीत असतं तर गेले नसते. स्थानिक पेपरात बातमी आली होती, तेहेतीस वर्षांनी मित्र सापडला, म्हणून. शाल, श्रीफळ. अध्यक्ष राजनच्या आत्म्याला शांती वगैरे बोलले. मग दिवे बंद, स्लाइड. दोन तरुण, मागे कॅरडॉक. दोघं हसतायत. राजनचे केस काळे.

मला वाटलं, आज बोलतील. शाल अंगावर असताना हे पेलणार नाही कुणालाच.

"एका क्षणात गेला," काका म्हणाले. "हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्याला."

लोक रडत होते. मी सलोनीला घेऊन पार्किंगमध्ये जाऊन बसले. "व्हाय आर यू मॅड, ममा?"

१२ सप्टेंबर

काकांकडे गेले. बेसमेंटमध्ये बसले होते, स्लाइडच्या खोक्यांमध्ये. काकू गेल्यापासून वर फारसे राहत नाहीत. वजन बरंच उतरलंय. मला बघून पटकन म्हणाले, "सांगणार आहे. दिवाळी जाऊ दे. सणाच्या तोंडावर कसं सांगू?"

म्हटलं, "काका, मला उमाताईंशी खोटं बोलावं लागलं."

"खोटं कुठे? तू फक्त बोलली नाहीस."

"ते तुमच्याकडूनच शिकले."

लागलं त्यांना. लागावं म्हणूनच बोलले होते. तरी दोन दिवस हाका मारत बसलेला तीस वर्षांचा माणूस डोळ्यांसमोर येतो. मी असते तर भिंतीवर गेले असते का? नसते. पण प्रश्न तो नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. नाही सांगितलं.

३१ ऑक्टोबर

रिपोर्ट पाठवला. बारा खांब, सगळे आकडे. परिशिष्टात एक ओळ टाकली, मानवी अवशेष, पश्चिम शाखेचा बर्फ. बॉसने खाली लिहून पाठवलं, "इंटरेस्टिंग."

८ नोव्हेंबर

उमाताईंचा फोन. आता मला 'तू' म्हणतात. त्या अधूनमधून करतात — काय जेवलीस, सलोनी कशी आहे. मला त्यांच्या फोनची धास्ती वाटते आणि नाही आला तर चुकल्यासारखं होतं.

आज आवाज वेगळा होता. शवतपासणीच्या ऑफिसकडून सगळ्या वस्तू गेल्या महिन्यातच आल्यात म्हणे. डबा, घड्याळ. आणि कोटाच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळलेली, एक छोटी वही. पोलिसांनी जपून वाळवून दिली. पेन्सिलीने लिहिलेली. मराठीत आहे म्हणून तिथे कुणाला वाचता आली नाही, त्यांनी तशीच पाठवली.



"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालंय गं, मला बारीक दिसत नाही. शेजारच्या मुलीकडून स्कॅन करून भावोजींना पाठवली मी महिन्यापूर्वी. त्यांच्याइतकं यांचं अक्षर कोण ओळखणार? काल विचारलं तर म्हणतात, अक्षर लागत नाही, सगळं पुसट झालंय, उगाच त्रास करून घेऊ नका." "मला तर तेव्हा, डोळे खराब असूनही, ओळी दिसत होत्या. तू बघतेस का? तुला ईमेल करते."

म्हटलं, करा.

"जे असेल ते वाच हं. मला वाचवायला जाऊ नकोस. सगळे मला तेहेतीस वर्षं वाचवतायत."

१० नोव्हेंबर

अक्षर लागतं. बारीक, सरळ, एकही शब्द अडत नाही. पाच नोंदी आहेत. पहिलीतली वेळ काकांच्या गोष्टीतलीच — ती त्यांना कशी कळली? अकरा वाजता उमाताईंना फोन करून वाचून दाखवायच्या आहेत. आधी इथे उतरवते, म्हणजे तिथे आवाज कापायचा नाही.

"१० ऑगस्ट १९७६. अडीचला माथ्यावर. एकटा. दीना हवा होता.

११. काल उतरताना पडलो. पाय मोडलाय. भिंतीच्या पश्चिमेला कपारीत आहे. दुपारभर हाका मारल्या. खालचा तंबू दिसत नाही. दीना मदत आणायला गेला असणार. शहाणा आहे.

१४. हेलिकॉप्टर आलं. सुळक्याच्या पलीकडे फिरून गेलं.

१५. पुन्हा पलीकडेच. शर्ट हलवला.

१६. आजही पलीकडे. काहीतरी घोटाळा झालाय. पण दीनाला माहीत आहे मी कुठल्या बाजूला आहे. तो सांगेल त्यांना."